जवसाचं सूत

मेहकरला रेल्वे नव्हती, पण ‘लाईन’ या शब्दाची कधी टंचाई पडली नाही. तहसिलीच्या मागे शिपायांच्या खोल्या होत्या, ती पोलीस लाईन. घासलेट वाटायच्या दिवशी दुकानासमोर डबे मांडलेले असत, तीही लाईन. माणसं सावलीत बसत आणि डबे उन्हात उभे राहत. बाजारातला शिंपी कोटाचं माप घेताना विचारायचा, ‘लायनिंग टाकू का बिगरलायनिंगचा?’ कुणाचा मुलगा दोनदा मॅट्रिकला आपटला की शेजारी म्हणायचे, ‘पोरगं काई लाईनीले लागलं नाई.’ आणि खरी लाईन, म्हणजे आगगाडीची, येणार येणार म्हणून मला कळायला लागल्यापासून ऐकत होतो. कधीकाळी मोजणीवाले येऊन खुंट्या ठोकून गेले, असं माझे वडील सांगत. त्या खुंट्या लोकांनी उपटून चुलीत घातल्या, हेही तेच सांगत.

हे दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांतलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकारी कागदावर ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’ असं छापलेलं असे आणि त्यातल्या ‘अँड’वर आमच्याकडची जुनी माणसं फार खूश असत. नागपूर वेगळं, आम्ही वेगळे, मधे ‘अँड’ आहे, असं म्हणत. मी दुसरबीडचा, शेतकऱ्याच्या घरातला. अमरावतीला बी.ए. झालो आणि मेहकरच्या इंग्रजी शाळेत मास्तर म्हणून लागलो. वय तेवीस. माझ्या अंगात दोन खोडी होत्या, त्या आज ऐंशी ओलांडल्यावरही पुरत्या गेलेल्या नाहीत. एक, मला शब्दाच्या मुळाशी जायची खाज होती. दुसरी, मुळाशी गेल्यावर ते चारचौघांना सांगितल्याशिवाय मला जेवण जात नसे.

आमचे हेडमास्तर पुण्याकडचे. माणूस विद्वान, पण वऱ्हाडी बोली ऐकली की त्यांच्या चेहऱ्यावर दात दुखल्यासारखा भाव यायचा. एकदा मास्तरांच्या खोलीत ते म्हणाले, ‘तुमच्या वऱ्हाडात त्या एका लाईन शब्दाला जितकं जुंपलंय, तितकं तुम्ही बैलालासुद्धा जुंपत नसाल.’ सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. शाळेत एक मोठा इंग्रजी कोश होता. तो कपाटातून काढायचा तर शिपायाला दोन्ही हात लावावे लागत. त्या दुपारी मी तो टेबलावर घेतला आणि इंग्रज तरी या शब्दाला किती जुंपतात ते पाहायला बसलो.

मासे धरायची दोरी, कपडे वाळत घालायची दोरी, गवंड्याची दोरी. हद्द. तळहातावरची रेषा. कवितेतली ओळ. सैन्याची फळी. आजा, बाप, लेक अशी वंशाची ओळ. माणसाचा धंदा. आगगाडीचे रूळ, तारायंत्राची तार, जहाजानं ओलांडायची विषुववृत्ताची रेघ. मी मोजता मोजता सोडून दिलं आणि कोश तसाच उघडा हेडमास्तरांपुढे नेला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘हं.’ एवढ्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. पण मी परत येऊन त्या नोंदीच्या शेपटाशी बारीक अक्षरात दिलेलं मूळ वाचलं आणि खुर्चीत सरळ बसलो.

लाईन म्हणजे मुळात रेघ नाही. लाईन म्हणजे दोरा, आणि तो दोरा जवसाचा. लॅटिनमध्ये जवसाच्या झाडाला लिनुम म्हणत. त्यावरून लिनन, त्यावरून लिनसीड, कोटाच्या आत लिननचा कपडा लावायचे म्हणून लायनिंग. गवंडी दोरा ताणून भिंत सरळ करायचा, म्हणून ताणलेल्या दोऱ्यासारखं जे जे सरळ ते ते लाईन. मग विचार केल्यावर लक्षात आलं की आपण तरी वेगळं काय केलं? आपल्याकडे कापूस, म्हणून आपलं सूत. सुतार फळी ‘सुतात’ आहे का बघतो, दोन माणसांचं ‘सूत जमतं’, शास्त्रातलं वाक्य ‘सूत्र’ होतं. त्यांचं सगळं जवसातून निघालं, आमचं कापसातून.

मला खरं नवल वाटलं ते जवसाचं. जवस आमच्या घरचं. गव्हाच्या कडेनं वडील त्याची चार तासं, म्हणजे ओळी, पेरायचे. निळी फुलं, मग सुपारीपेक्षाही लहान बोंडं. दाण्याची चटणी आणि तेल, एवढाच त्याचा उपयोग. काड्या जाळायच्या. ज्या झाडानं इंग्रजी भाषेला एवढं पुरवलं, त्याचा दोरा आमच्या गावात कुणी कधी काढला नव्हता. आमच्याकडे दोरासाठी अंबाडी आणि ताग. हे ज्ञान पोटात घेऊन मी शाळेतून निघालो, आणि ते ओतायला मला जी पहिली जागा सापडली ती मोमीनांच्या मोहल्ल्यात.

माझ्या खोलीचा रस्ता त्या मोहल्ल्यातून जायचा. मेहकरचे विणकर पूर्वी फार नावाजलेले. मी गेलो तेव्हा ते नाव उरलं होतं आणि माग थोडे उरले होते. सकाळच्या वेळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या घोड्यांवर उभ्या सुताचा ताणा पसरलेला असे. त्याला पेज लावून दोघं जण दोन बाजूंनी कुंचा फिरवत जायचे. याला पाजणी म्हणत. ताणा पसरलेला असला की तो कुणी ओलांडायचा नाही, अशी रीत होती. म्हशी हाकणारासुद्धा मागच्या नाल्यानं वळसा घालायचा. मीही घालायचो.

त्या गल्लीतल्या एका विणकराशी माझी रोजची बोलाचाली होती. मी त्याला चाचा म्हणायचो. तो पंचेचाळिशीचा असेल. त्याचा माग ओसरीतच होता, जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर. खड्ड्यात पाय सोडून बसल्यामुळे त्याचे डोळे बरोबर रस्त्यानं जाणाऱ्यांच्या पायांसमोर यायचे. गावातली निम्मी माणसं तो पायांवरून ओळखायचा. माझी ओळखही तशीच झाली होती. ‘मास्तरसाब, उजवी चप्पल शिवून घ्या, आंगठा तुटून राह्यला,’ असं कुणीतरी जमिनीतून बोललं आणि मी थांबलो, तेव्हापासून. पुढे तो रोज विचारायचा, ‘आज किताबात काय निंगालं?’ मी एखादा शब्द सांगायचो. तो आडव्या सुताचा धोटा फेकता फेकता ऐकायचा आणि पटलं की ‘हाव’ म्हणायचा, न पटलं तर नुसता फेकत राहायचा. माझ्या वर्गातली मुलं इतकी प्रामाणिक नव्हती.

त्या वर्षी मात्र तो फारसा धोटा फेकत नव्हता. लढाईमुळे गिरणीचं सूत मिळेनासं झालं होतं. जे यायचं ते परमिटवर, आणि मेहकरपर्यंत येता येता आटायचं. मोहल्ल्यात एकेक माग बंद पडत चालला होता. त्याचा मेहुणा मालेगावला विजेच्या मागावर कामाला होता, तो सारखा निरोप पाठवायचा की इकडे निघून या. चाचाला जायचं नव्हतं. त्याचा खड्डा त्याच्या आज्यानं खणलेला होता, आणि विजेच्या मागावर दिवसभर उभं राहावं लागतं, हे त्याला ऐकूनच सोसत नव्हतं.

‘उभ्यानं इननं म्हंजे उभ्यानं जेवनं हाय,’ तो म्हणायचा. ‘पन काय करता? गहू निंगेपर्यंत पाह्यतो. तंवरक सूत नाई आलं तं खड्डा बुजवतो आन् जातो.’

गहू निघायला तेव्हा तीन-चार महिने होते.

त्या संध्याकाळी मी त्याला लाईनची सगळी गोष्ट सांगितली. मासे, गवंडी, वंश, रेल्वे, सगळं. तो ऐकत होता. जवसावर आलो तेव्हा त्याचा हात थांबला.

‘जवस? आपलं चटनीचं जवस?’

‘हाव.’

‘त्याचं सूत निंगते?’

‘सायबाचे लिननचे कपडे त्याचेच असतात, चाचा.’

‘किताबात लिहेल हाय असं?’

‘लिहेल हाय. मी सोता वाचलं.’

त्यानं धोटा खाली ठेवला. मी खोलीवर आलो, स्वयंपाक केला आणि पोटभर जेवलो. दुसऱ्या दिवशी मी वेगळ्या शब्दाच्या मागे लागलो होतो.

माघ उजाडला, जवस निघालं. मधल्या काळात त्यानं मला त्याबद्दल एक अक्षर बोलून दाखवलं नव्हतं. एके दिवशी मी नदीवर गेलो तर डोहाच्या अलीकडे परटांचा गलका चालला होता. पाण्याला घाण वास येत होता आणि चाचा गुडघाभर पाण्यात उभा राहून काड्यांच्या पेंढ्यांवर दगड ठेवत होता. जवळच्या एका शेतकऱ्याकडून त्यानं जवसाच्या काड्या गाडीभर मागून आणल्या होत्या. ‘ने बाप्पा, मले जाळाच लागते,’ असं म्हणून शेतकऱ्यानं त्या फुकट दिल्या होत्या. अंबाडी कुजवून दोराचा वाख काढतात, तसा याचाही काढायचा, असा त्याचा हिशेब होता. परीट म्हणत होते, आमचे कपडे वासले. चाचा त्यांना शांतपणे सांगत होता, ‘चार दिवस थांबा ना बाप्पा. किताबातलं काम हाय.’

तो पहिला घाणा वाया गेला. अंबाडीचे दांडे अंगठ्याएवढे, त्यांना जितके दिवस लागतात तितके दिवस त्यानं या बारीक काड्या पाण्यात ठेवल्या. हातात आला तो चिखल. मोहल्ल्यात हसू झालं. विणकर वाखाला हात लावत नाही. वाख म्हणजे दोर, आणि दोर वळणं हे दुसऱ्यांचं काम, कपडा विणणाराचं नाही. त्याच्या भाऊबंदांपैकी एकानं भर गल्लीत विचारलं, ‘काऊन बे, आता कासरे इनतं काय?’ चाचा तसाच पुढे चालत गेला. पण त्या दिवशी त्यानं मला ‘किताबात काय निंगालं’ असं विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी त्यानं रोज एक काडी काढून मोडून पाहिली. पाचव्या की सहाव्या दिवशी पेंढ्या बाहेर काढल्या, वाळवल्या, मोगरीनं कुटल्या. त्या संध्याकाळी मी ओसरीसमोर आलो तेव्हा तो खड्ड्यात नव्हता. वर उभा होता, माझी वाट बघत. त्यानं माझ्या तळहातावर वाखाचा एक झुबका ठेवला. फिकट पिवळा, चमकणारा, रेशमाला जवळचा.

‘पाहा मास्तरसाब. निंगालं.’

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. कोशातली बारीक अक्षरातली एक ओळ कुणीतरी माझ्या हातावर आणून ठेवली होती. मी तो झुबका मागून घेतला, दुसऱ्या दिवशी शाळेत नेला आणि सगळ्यांना दाखवला. हेडमास्तरांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि ‘शाबास’ म्हणाले. त्यांच्या तोंडून मी तो शब्द प्रथमच ऐकला. तो विणकरासाठी होता, पण घेतला मी.

खरं तर तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खाज होती. शाळेत एका इंग्रजी माहितीकोशाचे काही सुटे खंड होते, कुणा बदली झालेल्या साहेबानं देऊन टाकलेले. रविवारी दुपारी मी शाळा उघडून त्यात जवसाची नोंद शोधली. दोन पानं होती, चित्रासकट. त्यात लिहिलं होतं की जवस दोन परींचं. दाण्यासाठी लावतात ते बुटकं, फांद्या फुटलेलं; त्याचा वाख आखूड निघतो, कताईला टिकत नाही. सुतासाठी लावतात ते वेगळं. ते दाट पेरतात म्हणजे उंच सरळ वाढतं, आणि दाणा पिकायच्या आधी, हिरवट असतानाच उपटतात. चित्रात दोन्ही झाडं शेजारी शेजारी काढली होती. बुटकं झाड आमच्या गव्हाच्या कडेचं होतं, मी ते डोळे मिटून ओळखलं असतं. म्हणजे चाचाच्या हातात जे होतं ते पुढे जाणारं नव्हतं. मी खंड मिटला. उद्या सकाळी पहिलं काम हेच, त्याला सांगायचं, असं ठरवलं. तो खंड पिशवीत घालून घरी आणला, पुरावा म्हणून.

इथे चाचाच्या घरची एक रीत सांगायला हवी. त्याच्या बापानं घालून दिलेला दंडक होता की माग कधी नागवा ठेवायचा नाही. कितीही तंगी येवो, एक ताणा राखून ठेवायचाच. मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत हे पाळत. काम नसेल तेव्हा तोच मागावर चढवून ठेवायचा, वीतभर विणायचं आणि थांबायचं. त्याच्या घरात त्या वेळी असा एकच ताणा शिल्लक होता, लढाईच्या आधीच्या चांगल्या सुताचा.

सोमवारी सकाळी मी गल्लीत शिरलो तर तो ताणा रस्त्यावर पसरलेला. चाचा एका बाजूनं कुंचा फिरवत होता, दुसऱ्या बाजूनं त्याचा भाऊ. बघायला पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यात ‘कासरे इनतं काय’ म्हणणाराही होता. चाचाच्या बायकोनं वाख कातून आडव्या सुताच्या काही कांड्या भरल्या होत्या. उभा ताणा कापसाचा, आडवं सूत जवसाचं, असा कपडा तो विणणार होता. मला पाहिल्यावर त्यानं कुंचा उंच केला आणि सगळ्यांना म्हणाला,

‘इचारा आता मास्तरले. इंग्रजी किताबात लिहेल हाय का नाई?’

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पिशवीत तो खंड होता. काढायचा, चित्राचं पान उघडायचं आणि म्हणायचं, चाचा, थांबा, माझं अर्धंच वाचून झालं होतं. पाच-सहा वाक्यांचं काम होतं. मला ती वाक्यं आजही पाठ आहेत, कारण नंतर मी ती पुष्कळदा म्हणून पाहिली.

‘लिहेल हाय,’ मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. लिहिलेलं होतंच. मी ताण्याला वळसा घालून शाळेत गेलो आणि पहिल्या तासाला मुलांना व्याकरण शिकवलं. मनाला समजावलं की साहेबाच्या देशातलं पुस्तक, त्याला आपल्या मातीचं काय ठाऊक, कदाचित निघेलही. मी शेतकऱ्याचा मुलगा असून हे मला पटवून घेता आलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तीन दिवसांत सगळं उरकलं. आखूड वाखाचं सूत हातभर गेलं की तुटायचं. जोडलं की गाठ यायची. गाठींचं, खरबरीत सूत ठोकता ठोकता त्या गाठींनीच उभ्या ताण्याचे धागे कापायला सुरुवात केली. आधी एखाददुसरा तुटायचा, चाचा तो सांधायचा. मग झुबकेच्या झुबके तुटू लागले. मी दोन्ही वेळा त्या रस्त्यानं जायचो आणि काही न विचारता जायचो. तोही मान वर करायचा नाही. चौथ्या दिवशी धोट्याचा आवाज बंद झाला. मी पाहिलं तर मागावर वीत-दीड वीत पोत्यासारखा तुकडा होता आणि पुढे तुटलेल्या धाग्यांची दाढी लोंबत होती. त्यानं ते सगळं कापून काढलं. माग नागवा झाला.

सूत नसतंच आलं तर या सगळ्याला तसा अर्थ राहिला नसता. तो गेलाच असता, चार दिवस आधी नाहीतर नंतर. पण सूत आलं. गहू कापणीला आला होता तेव्हाच तहसिलीवर कळलं की विणकरांना वाटायला सूत येतंय, आणि चालू माग किती हे पाहायला माणूस फिरणार आहे. तो आला, गल्लीतून घरोघर गेला. ज्या मागावर ताणा चढलेला, तो चालू. मोहल्ल्यात महिनोन्‌महिने धोटा न फेकलेल्या लोकांनीही आपला राखलेला ताणा मागावर चढवून ठेवला होता. वीतभर विणलेलं दाखवलं आणि नाव लागलं. ‘कासरे इनतं काय’ म्हणणाराचंही लागलं. चाचाच्या ओसरीत त्या माणसानं वाकून खड्ड्यात पाहिलं, वर रिकाम्या मागाकडे पाहिलं, आणि पुढे गेला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला जे दिसलं ते त्यानं लिहिलं. चाचानंही हुज्जत घातली नाही, असं मला त्याच्या भावानं सांगितलं.

मी चार-पाच दिवस नाल्याकडच्या रस्त्यानं शाळेत जात होतो. गल्लीत ताणा पसरलेला नसतानाही वळसा घालत होतो. मग कळलं की चाचाकडचे लोक शुक्रवारी मालेगावला निघणार, तेव्हा गुरुवारी शाळा सुटल्यावर गेलो. जाताना ठरवलं होतं की सगळं सांगायचं, त्यानं काय म्हणायचं ते म्हणू दे.

ओसरीतला माग उतरवून लाकडं भिंतीला लावली होती. खड्डा बुजवायचं काम चाललं होतं. तो आणि भाऊ टोपल्यांनी माती टाकत होते. मला पाहून त्यानं हात झटकले आणि मला बसायला पाट दिला. बायको आत बोचकी बांधत होती. तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, पण दाराच्या पडद्यामागे तिची हालचाल दिसायची. थोडा वेळ आम्ही मालेगावच्या उन्हाळ्याबद्दल बोललो. मग तो म्हणाला,

‘मास्तरसाब, मी लय इचार केला. मले वाटते, जवस पिकू द्याले नाई पायजे होतं. हिरवंच उपटाले पायजे होतं. आन् दाट पेरलं असतं, तं उंच गेलं असतं, फांद्या फुटल्या नसत्या. मंग वाख लांब निंगाला असता. हाय का नाई?’

कोणत्याही किताबाशिवाय, एक घाणा कुजवून आणि एक ताणा घालवून, तो माहितीकोशाच्या त्या दोन पानांपर्यंत येऊन पोचला होता. मी मान हलवली.

‘आमच्या घरात हे म्हनून राह्यली,’ त्यानं पडद्याकडे बोट केलं, ‘का मास्तरले ह्ये सारं मालूम असन. मी म्हनलं, कसं मालूम असन? मालूम असतं तं सांगतलं नसतं काय त्यायनं? रोज तं सांगतेत.’ तो माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या नजरेत संशय नव्हता, तो फक्त घरातलं भांडण मिटवायला बघत होता. ‘तुमाले मालूम नव्हतं ना?’

‘नाई,’ मी म्हणालो. ‘मले कुठून मालूम असनार, चाचा.’

त्याचा चेहरा मोकळा झाला. तो पडद्याकडे वळून मोठ्यानं म्हणाला, ‘आइकलं? त्यायले बी मालूम नव्हतं!’

 आतून बोचक्याची गाठ आवळल्याचा आवाज आला.

मी उठलो.  त्या घरात मला माझी जितकी किळस वाटली, तितकी पुढे कधी कशाची वाटली नाही. त्यानं मातीचे हात धोतराला पुसले आणि, मी नको नको म्हणत असताना, मला पोचवायला गल्लीच्या टोकापर्यंत चालत आला.